कोचला मी दिलेले सात मार्क

माझा स्वभाव संशयी आहे, आणि याच स्वभावावर मी पंचवीस-एक वर्षं पोट भरलं आहे. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी ऑडिटर आहे. म्हणजे कारखान्यात जायचं, सगळे गोड बोलत असताना त्यांची रजिस्टरं उघडायची, आणि जिथे महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणदार अक्षरात दिसतील तिथे बोट ठेवायचं. रोजच्या रोज लिहिलेलं कधीच इतकं देखणं नसतं. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी आधी प्रसादाची तारीख बघशील. बघतेच मी. मागच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये वाटलेल्या पेढ्यांच्या डब्यावर तारीख नव्हती, म्हणून मी पेढा खाल्ला नाही.

अशा बाईच्या पोटी बास्केटबॉल खेळणारी मुलगी आली. आमच्या वेस्ट विंडसरमध्ये आपल्या लोकांची मुलं गणिताच्या स्पर्धांना जातात, व्हायोलिन वाजवतात, फार तर टेनिस खेळतात. आमची मुलगी पाच फूट तीन इंचांची, आणि तिला उंच मुलींच्या खेळात घुसायचं होतं. कॉलेजही तिने तसंच निवडलं. पेनसिल्व्हेनियातलं, घरापासून गाडीने दोन तासांवर, लहानसं, जिथे खेळाडूंना स्कॉलरशिपही मिळत नाही. नुसती हौस म्हणून खेळायचं. मला पहिल्यांदा तिथेच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. फुकट घाम गाळून घेणाऱ्या माणसांविषयी माझं मत बरं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या आईवडिलांना जिममध्ये बसवून कोच आमच्याशी बोलली. पन्नाशीची बाई, करडे केस कानापाशी कापलेले, चेहऱ्यावर हसू नाही. ती म्हणाली, "तुमच्या मुलीला किती मिनिटं खेळायला मिळेल हे मी सांगणार नाही. ते ती ठरवेल." एवढं बोलून ती खाली बसली. बाकीचे पालक माना डोलवत होते. नवराही डोलवत होता, त्याला सगळंच पटतं. मी पर्समधून वही काढली आणि वाक्य तारखेसकट उतरवून घेतलं.

पहिलं वर्ष आमची मुलगी बेंचवर बसली. टॉवेल दे, पाणी दे, टाळ्या वाजव. दोन तास गाडी चालवून जायचं आणि आपल्या पोरीला टाळ्या वाजवताना बघून परत यायचं. मनात नाही नाही ते यायचं. उंचीमुळे असेल? की रंगामुळे? की आम्ही कॉलेजला देणगी देत नाही म्हणून? त्या जिमवर एका माजी विद्यार्थ्याचं नाव मोठ्या पितळी अक्षरांत होतं, आणि त्याची पुतणी टीममध्ये होती. ती मात्र पहिल्या पाचांत असायची. आता यात संशय घ्यायला ऑडिटरच लागतो असं नाही.

शुक्रवारी मी घरून काम करायचे. दुपारची सुट्टी टाकून मी प्रॅक्टिस बघायला जायला लागले. मुलगी लाजेने अर्धमेली झाली. "आई, नोबडीज मॉम कम्स टू प्रॅक्टिस. प्लीज यार." मी म्हटलं, तू खेळ, मी तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीये. ते खरंच होतं. मी कोचकडे बघत होते.

तिसऱ्या शुक्रवारी गेले तर कोपऱ्यात एक घडीची खुर्ची उघडून ठेवलेली होती. कोचने ती माझ्यासाठी ठेवली होती. मी बसले, पण आधी विचार केला की हिने खुर्ची नेमकी इथेच का ठेवली असेल. इथून फळा दिसत होता, आणि दुसरी बास्केट मात्र खांबाआड जात होती. मी खुर्ची उचलली आणि चार हात सरकवली. पुढच्या शुक्रवारी खुर्ची त्या सरकवलेल्या जागी होती.

फळ्यावरचा प्रकार असा होता. आठवडाभर प्रॅक्टिसमध्ये छोट्या छोट्या स्पर्धा चालायच्या. कोण आधी धावून परत येतं, कोण चेंडू हिसकावतं, कोण समोरच्या मुलीला अडवतं. जिंकणाऱ्या मुलीने स्वतः जाऊन फळ्यावर आपल्या नावापुढे रेघ मारायची. कोच हात लावायची नाही. शनिवारच्या सामन्यात मिनिटं त्या रेघांप्रमाणे. मला वाटलं, हे दाखवायचे दात असणार. म्हणून मी शुक्रवारी फळा वहीत उतरवून घ्यायचे आणि शनिवारी घड्याळ लावून प्रत्येक मुलीची मिनिटं मोजायचे. असं मी दोन सीझन केलं.

हिशेब जुळायचा. एकदा नाही, दरवेळी जुळायचा. पुतणीच्या रेघा जास्त असायच्या म्हणून ती खेळायची, आमच्या मुलीच्या कमी असायच्या म्हणून ती बसायची. दुसऱ्या वर्षी आमच्या मुलीच्या रेघा वाढल्या तशी ती चार मिनिटं खेळली, मग नऊ, मग पंधरा. एखाद्या शनिवारी रेघा सोडून कुणाला मिनिटं दिलेली दिसली, तर त्यामागे दुखावलेला घोटा किंवा ताप निघायचा. मी तेही विचारून खात्री करून घेतली. इतकं स्वच्छ काम मी कुठल्या कारखान्यात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच आला. दोष सापडला नाही की मला वाटतं, तो कुणीतरी नीट लपवला आहे.

मग तो सामना झाला. सीझनचा शेवट, हरलो तर बाहेर. त्या आठवड्यात पुतणी दोन दिवस प्रॅक्टिसला उशिरा आली होती, आणि तिच्या नावापुढे जेमतेम एक रेघ होती. कोचने तिला बसवलं. सगळ्या जिमला वाटत होतं, शेवटच्या पाच मिनिटांत तरी उठवेल. पितळी अक्षरांचा मालक पहिल्या रांगेत उभा राहून हातवारे करत होता. कोचने त्याच्याकडे मान वळवली नाही. आपण दोन गुणांनी हरलो.

मी कोचच्या आईशेजारी बसले होते. ही म्हातारी बाई प्रत्येक सामन्याला चाकांच्या खुर्चीत बसून बेंचमागे असायची, अंगात टीमचा स्वेटर. तिची आठवण गेली होती. दर पाच मिनिटांनी ती शेजारच्याला विचारायची, आपण जिंकतोय का, आणि शेजारच्याने हो म्हणायचं अशी तिथली रीत होती. मायलेकी कॉलेजसमोरच्या रस्त्यावरच्या घरात राहायच्या. प्रॅक्टिसच्या मधल्या सुट्टीत कोच रस्ता ओलांडून आईला जेवू घालून यायची. ती नोकरी तिथे होती म्हणून हे जमत होतं.

त्या हरण्यानंतर कोचच्या कराराची गोष्ट निघाली. करार उन्हाळ्यात संपत होता. आणखी तीन वर्षं वाढवून द्यायचा की नाही, हे ठरवायला कॉलेजने पाच जणांची समिती नेमली. खेळ विभागाचा डायरेक्टर, दोन प्राध्यापक, माजी विद्यार्थ्यांच्या वतीने तो पितळी अक्षरांचा मालक, आणि पालकांच्या वतीने मी. मला फोन आला तेव्हा मी आधी हेच विचारलं की मीच का. डायरेक्टर म्हणाला, कोचनेच तुमचं नाव सुचवलं.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आरोपीनेच न्यायाधीश निवडावा, हे कसं? त्यात त्याच महिन्यात आमच्या मुलीला पुढच्या वर्षासाठी कॅप्टन केल्याचं जाहीर झालं. नवरा आनंदाने श्रीखंड घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "अरे, ही लाच आहे."

"कॅप्टन मुली निवडतात गं. मतं देऊन," तो म्हणाला.

"मतं मोजली कुणी?"

तो श्रीखंड वाटीत काढायला लागला. मी मुलीला विचारलं. मतं मुलींनीच मोजली होती, सगळ्यांसमोर, आणि सगळ्यांत जास्त आरडाओरडा करून तिला पाठिंबा पुतणीने दिला होता. इथेही माझ्या हाताला काही लागलं नाही.

समितीची एकच बैठक झाली. डायरेक्टरने प्रक्रिया समजावली. प्रत्येकाने आपापला फॉर्म घरी भरायचा, त्यावर नाव घालायचं नाही. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते दहापैकी मार्क, शेवटी शेऱ्याचा चौकोन. पाचही फॉर्मची सरासरी चांगली आली तर तीन वर्षांचा करार, एकाही फॉर्मची कमी पडली तर एका वर्षाचा, तोही सुधारणेच्या अटीवर. बाहेर पडताना मी पाहिलं, पितळी अक्षरांचा मालक डायरेक्टरच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून त्या दोघांकडे बघत राहिले. ते बरेच हसले.

घरी येऊन मी फॉर्म समोर घेतला. दोन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या. मनात एक पक्कं होतं: ही बाई राहिली पाहिजे. मी इतकी वर्षं माणसं तपासली, पण आपल्या नियमासाठी शेवटचा सामना घालवणारी बाई पहिल्यांदा पाहिली होती. तिला सांभाळायचं तर माझा फॉर्म असा हवा की कुणी बोट ठेवू शकणार नाही. माझी मुलगी टीमची कॅप्टन. मी सढळ हाताने मार्क दिले असते तर लोक म्हणाले असते, आईच ती.

म्हणून मी विचार करकरून मार्क दिले. नियोजन, सात. शिस्त, सात. खेळाडूंची प्रगती, सात. अकोल्याच्या शाळेत आमच्या बाई निबंधाला सात द्यायच्या तेव्हा ती वही वर्गभर फिरायची. आठ कुणाला तरी मिळाले होते असं ऐकिवात होतं, पाहिलेलं कुणी नव्हतं. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास, सत्तर म्हणजे गल्लीत पेढे. नऊ आणि दहा हे आकडे पाटीवर असतात, माणसाला द्यायचे नसतात. न्याय्य वागणूक या प्रश्नाला मी बराच वेळ थांबले आणि आठ दिले. आयुष्यात कुणालाही दिलेले ते सगळ्यांत जास्त मार्क होते. माझ्या हाताखालच्या कुणाला, नवऱ्याला किंवा मुलीला मी मनातसुद्धा कधी आठ दिले नव्हते.

शेऱ्याच्या चौकोनात मी लिहिलं: काम समाधानकारक. राखीव खेळाडूंच्या वेळेची विभागणी नियमाप्रमाणे. प्रतिकूल काहीही आढळलं नाही. आमच्या धंद्यात हे वाक्य मिळावं म्हणून कारखान्यांचे मोठे साहेब रात्रंदिवस खपतात. मी फॉर्म पाठवला आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात स्वतःसाठी चहा टाकला.

दोन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. ती रडत होती. कोचला तीन वर्षं दिली नाहीत. एकच वर्ष, तेही सुधारणेच्या अटीवर. समितीतल्या एका सदस्याने गंभीर शंका व्यक्त केल्या, असं डायरेक्टरने कोचला सांगितलं होतं.

माझं डोकं फिरलं. एक सदस्य, आणि तो कोण हे मला पार्किंगमध्येच कळलं होतं. पुतणीला बसवल्याचा सूड. नवरा म्हणाला, "अगं, तुला काय माहीत त्यानेच केलं म्हणून?"

"त्याच्याशिवाय कोण करणार?"

"कुणीही. प्रोफेसर लोक असतील."

"प्रोफेसरांनी एक सामना तरी पाहिलाय का? वाईट मार्क देण्याइतकी आवड हवी ना."

त्याच संध्याकाळी मी डायरेक्टरला ईमेल लिहिली. पहिल्याच ओळीत म्हटलं की समितीतल्या एका सदस्याचा या निर्णयात वैयक्तिक स्वार्थ आहे. त्याची पुतणी, तो सामना, पहिल्या रांगेतले हातवारे, सगळं क्रमाने मांडलं. शेवटी ऑडिटर म्हणून जे मागते तेच मागितलं: मूळ आकडे. नावं झाका, पण पाचही फॉर्मचे मार्क समितीपुढे ठेवा. नाहीतर मी कॉलेजच्या विश्वस्तांकडे जाईन. असली पत्रं मला चांगली जमतात. ईमेल पाठवून मला छान वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्याने उत्तर आलं. रविवार होता, मुलगी घरी आली होती, आम्ही तिघं टेबलाशी पोहे खात होतो. डायरेक्टरने एका ओळीत लिहिलं होतं की पारदर्शकतेसाठी तुमची विनंती मान्य करत आहोत. खाली तक्ता होता, पाच उभे रकाने, नावांच्या जागी एक ते पाच असे आकडे. मी चष्मा लावला आणि वाईट रकाना शोधायला लागले. पहिल्यात नऊ, दहा, दहा, नऊ. दुसऱ्यात सगळे दहा. तिसऱ्यात नऊ आणि दहा. पाचव्यातही दहा, आणि खाली शेरा: हिने माझ्या पुतणीला वेळेवर यायला शिकवलं, ते आमच्या घरातल्या कुणाला जमलं नव्हतं.

चौथ्या रकान्यात सात, सात, सात, आठ, सात होतं.

मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "हू इज नंबर फोर?" ती म्हणाली. "ओ माय गॉड, ऑल सेव्हन्स. आई, सेव्हन म्हणजे सी मायनस, जेमतेम पास. हू डझ दॅट टू हर?" मग तिने खालचा शेरा वाचला. राखीव खेळाडूंच्या वेळेची विभागणी. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला चमचा मी खाली ठेवला.

"सात चांगले असतात," मी म्हटलं.

"कुठे?" तिने मराठीत विचारलं.

मी पंचवीस वर्षं या देशात आहे. टॅक्सीवाल्याला मी तीन तारे देते, फार चांगला असेल तर चार. नवरा पाच देतो, आणि मला वाटायचं तो भाबडा आहे. कामावर मला कधी मार्क द्यावे लागले नाहीत, तिथे दोष असतो किंवा नसतो. मुलीचे शाळेचे रिपोर्ट आले तेव्हा त्यात नेहमी ए असायचे, म्हणून खालच्या अक्षरांचा अर्थ काय हे बघायची वेळच आली नाही. सगळ्यांच्या आकड्यांत खोट शोधणाऱ्या मला माझा स्वतःचा आकडा इथे काय बोलतो हे ठाऊक नव्हतं. आणि ज्या माणसावर मी सुडाचा आरोप लेखी केला होता, त्याने दहापैकी दहा दिले होते.

"अगं, तू सांगून टाक त्यांना. चूक होते माणसाची," नवरा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी लगेच डायरेक्टरला लिहिलं. चौथा रकाना माझा आहे, तो शंकेचा नाही, कौतुकाचा आहे, तो बदलायची परवानगी द्या. पितळी अक्षरांच्या मालकाची माफी मागितली, आणि ती त्याच्यापर्यंत पोचवा असंही लिहिलं. उत्तर सोमवारी सकाळीच आलं, फार नम्र. मार्क दिल्यानंतर बदलता येत नाहीत. निर्णयाविरुद्ध अपील करायचा हक्क कोचला होता, तिने अपील केलं नाही आणि मुदत संपली. एका वर्षाचा करारही तिने नाकारला आहे. ओहायोतल्या एका शाळेत तिला नोकरी मिळाली आहे.

अपील का केलं नाही? माझं डोकं तिथेही तेच करायला लागलं. आधीच ओहायोत ठरलं असेल. कदाचित तिलाच जायचं असेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं. मी दोन दिवस त्या संशयाला धरून राहिले, कारण तो सोडला तर खाली फक्त मीच उरत होते.

मुलीने फोनवर विचारलं, "डिड यू टेल हर?"

"डायरेक्टरला लिहिलंय."

"दॅट्स नॉट हर, आई." आणि मग म्हणाली, "मी नाही सांगणार. यू हॅव टू."

बुधवारी सुट्टी टाकून मी गेले. दोन तास गाडीत वाक्यं जुळवत होते, आणि एकही धड जुळलं नाही. कोचच्या ऑफिसचं दार उघडं होतं. ती जमिनीवर बसून खोक्यांत सामान भरत होती. मला बघून ती उठली, खुर्चीवरच्या फायली काढून तिने मला बसायला जागा केली.

मी आधी तिच्या आईविषयी विचारलं. ती म्हणाली, तिथे घराजवळ एक संस्था मिळाली आहे, दिवसा तिथे ठेवावं लागेल. शाळा जरा लांब आहे, दुपारी येणं जमणार नाही. नवीन जागी तिला काही ओळखू येणार नाही, पण इथेही हल्ली कमीच येतं. ती हे कुरकुर न करता, वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. मला ते ऐकवेना.

"चौथा फॉर्म माझा होता," मी म्हटलं.

"मला माहीत आहे."

"डायरेक्टरने सांगितलं?"

"नाही. निर्णयासोबत त्याने मला नाव झाकलेला फॉर्म दाखवला. शेरा वाचला तेव्हाच कळलं. राखीव मुलींना किती मिनिटं मिळतात हे या कॉलेजात दुसरं कोण मोजतं?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बोलणं सोपं गेलं असतं. मी तिला सगळं सांगितलं. अकोल्याची शाळा, बाई, निबंध, वर्गभर फिरणारी वही, फर्स्ट क्लास, पेढे. पेढे म्हणजे काय तेही सांगितलं. आठ मी कुणाला दिले नव्हते हे सांगितलं. माझ्या आवाजात रडू आलं होतं आणि मला त्याची लाज वाटत होती.

"तुम्ही अपील का नाही केलंत?" मी शेवटी विचारलं. "बाकी चौघांनी नऊ नि दहा दिले होते. तुम्ही जिंकला असतात."

तिने हातातली शिट्टी खोक्यात टाकली. "बाकी चौघांना मी आवडते," ती म्हणाली. "त्यांनी मला काम करताना पाहिलेलं नाही. तुम्ही दोन वर्षं दर शुक्रवारी तिथे बसून लिहीत होतात. म्हणून तर मी तुमचं नाव दिलं होतं. मला वाटायचं, माझं काही चुकत असेल तर ते या बाईला दिसेल. मग सगळीकडे सात दिसले. मी चार रात्री विचार केला की यांना काय दिसलं असेल. ते मला सापडलं नाही, पण तुम्हाला दिसलं असणार एवढी खात्री होती. मग कुठल्या तोंडाने अपील करणार?"

"मला काही दिसलं नाही," मी म्हटलं. "दोन वर्षांत काही म्हणजे काही दिसलं नाही. मी शोधत होते, आणि तुमच्यात काही सापडलं नाही."

"मग खरे मार्क किती?"

"दहा," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे किंचित बारीक करून, मान थोडी तिरकी करून. ती नजर मला अनोळखी नव्हती. कारखान्यातला माणूस रजिस्टर पुढे सरकवून सगळं ठीक आहे म्हणतो, तेव्हा मी त्याच्याकडे अशीच बघते.

"तुम्ही भल्या आहात," ती म्हणाली. "एवढ्या लांब आलात हे सांगायला."

"दहाच," मी पुन्हा म्हटलं. "खरंच दहा."

"हो," ती म्हणाली, मला बरं वाटावं एवढ्यासाठी, आणि पुढचं खोकं उघडलं.